१९-१८ चा सामना (१९५०): खेळाडूंचा तक्ता भरताना कोणता रकाना रिकामा ठेवायचा?

तक्तेवाला विचारतात:

एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) सुरुवातीच्या वर्षांतल्या निवडक सामन्यांची खेळाडूवार आकडेवारी मराठीत एका शीटमध्ये मांडतोय. सुरुवात केली आहे २२ नोव्हेंबर १९५० च्या सामन्यापासून. मिनिआपोलिस ऑडिटोरियम, फोर्ट वेन पिस्टन्स १९, मिनिआपोलिस लेकर्स १८. दोन्ही संघ मिळून ३७ गुण. एनबीएच्या इतिहासात एवढ्या कमी गुणांचा सामना दुसरा नाही.

अडलेल्या जागा या:

१. लेकर्सच्या जॉर्ज मायकनचे १५ गुण सगळीकडे एकसारखे सापडतात. पण एखादा आकडा एकाच ठिकाणी छापलेला असेल, तर तो बरोबर आहे हे पडताळायचं कसं?

२. आजच्या सवयीने रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), असिस्ट (बास्केट होईल असा पास), स्टील (चेंडू हिसकावणं), ब्लॉक (शॉट अडवणं), मिनिटं असे सगळे रकाने आखले. जिथे आकडा मिळत नाही तिथे ० टाकलं तर चालेल का?

३. त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या तक्त्यांवर 'जी, एफ, टी' एवढीच तीन अक्षरं असतात. यातला 'एफ' म्हणजे फाउल ना?

४. खेळाचा वेग काढायचा आहे, म्हणजे संघाला चेंडूचा ताबा किती वेळा मिळाला ते. या आकड्यांवरून जमेल का?

---

गुणलेखक:

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पाया तोच आहे.

तीन गुणांची बास्केट एनबीएत १९७९-८० च्या मोसमात आली. त्याआधीच्या कोणत्याही सामन्यात गुण दोनच मार्गांनी व्हायचे: फील्ड गोलचे (चालू खेळात केलेल्या बास्केटचे) दोन आणि फ्री थ्रोचा (फाउलनंतर रेषेवरून मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचा) एक. म्हणून प्रत्येक खेळाडूच्या ओळीला एकच कसोटी पुरते. फील्ड गोलची दुप्पट करा, त्यात यशस्वी फ्री थ्रो मिळवा, उत्तर गुणांइतकंच आलं पाहिजे. एकानेही फरक पडला तर त्या ओळीत छपाईची किंवा उतरवून घेताना झालेली चूक आहे.

तुमच्याच सामन्यात लावून बघू. मायकनचे फील्ड गोल ४, म्हणजे ८ गुण. एकूण १५, म्हणजे फ्री थ्रो ७. लेकर्सच्या संपूर्ण संघाचेही फील्ड गोल ४ च आहेत, म्हणजे मायकन सोडून एकाही खेळाडूची बास्केट झाली नाही. उरलेले ३ गुण फ्री थ्रोवरच आलेले असणार. तसेच ते आहेत: बॉब हॅरिसन २, जिम पोलार्ड १. संघाचे फ्री थ्रो ७ + ३ = १०, गुण ८ + १० = १८. जुळलं.

पिस्टन्सचेही फील्ड गोल ४. एकूण १९, म्हणजे फ्री थ्रो ११. तुमच्या तक्त्यात पिस्टन्सच्या खेळाडूंच्या फ्री थ्रोची बेरीज ११ आली नाही, तर चूक कुठे शोधायची ते लगेच कळेल.

ही झाली आडवी आणि उभी बेरीज. तिसरी कसोटी क्वार्टरची (सामन्याच्या चार भागांची). पिस्टन्स: ८, ३, ५, ३. लेकर्स: ७, ६, ४, १. बेरजा १९ आणि १८. हाफटाइमला लेकर्स १३-११ पुढे, तिसऱ्या क्वार्टरअखेर १७-१६ पुढे. वर्तमानपत्रांत हे बहुधा सामना चालू असतानाच्या एकूण गुणांनी दिलेलं असतं (८, ११, १६, १९), प्रत्येक क्वार्टरचे सुटे गुण म्हणून नव्हे. दोन्ही पद्धती एका रकान्यात मिसळल्या की बेरीज अवाढव्य येते. नवख्या तक्त्यांत ही चूक वारंवार दिसते.

आडवी, उभी आणि क्वार्टरची अशा तिन्ही बेरजा जुळल्या तर गुणांचे आकडे डोळे मिटून घ्या. फक्त लक्षात ठेवा, या कसोट्या हुकलेल्या शॉटबद्दल काही सांगत नाहीत. हुकलेला शॉट बेरजेत कुठेच येत नाही, त्यामुळे 'प्रयत्न' हा रकाना नेहमी कच्चा धरायचा आणि जमल्यास दोन ठिकाणांहून पडताळायचा.

---

जुना_मोसम:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठाम 'नाही'. ० म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. रिकामा रकाना म्हणजे मोजलंच नाही, किंवा मोजलेलं आपल्यापर्यंत पोहोचलं नाही. मायकनच्या ब्लॉकच्या रकान्यात ० टाकलंत तर तुमचा तक्ता असं सांगेल की सहा फूट दहा इंचांच्या त्या सेंटरने आख्ख्या कारकिर्दीत एकही शॉट अडवला नाही. वाचणारा ते खरं मानेल.

कोणती नोंद अधिकृतपणे कधीपासून, ते मोसमानुसार असं आहे. १९४६-४७ चा पहिला मोसम बीएए (बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका) या नावाने झाला. ३ ऑगस्ट १९४९ ला बीएए आणि एनबीएल (नॅशनल बास्केटबॉल लीग) या दोन लीग एकत्र आल्या आणि एनबीए हे नाव पडलं. १९४६-४७ च्या पहिल्या मोसमापासून फील्ड गोल व त्यांचे प्रयत्न, फ्री थ्रो व त्यांचे प्रयत्न, असिस्ट आणि वैयक्तिक फाउल मिळतात. रिबाउंड १९५०-५१ पासून, म्हणजे नेमका तुमच्या सामन्याचा मोसम. खेळलेली मिनिटं १९५१-५२ पासून. स्टील, ब्लॉक आणि आक्रमक-बचावात्मक रिबाउंडची विभागणी १९७३-७४ पासून. खेळाडूवार टर्नओव्हर (शॉट न घेताच चेंडू गमावणं) १९७७-७८ पासून.

यात एक मेख आहे. एखादी नोंद लीगने त्या मोसमात ठेवली, याचा अर्थ ती प्रत्येक सामन्याच्या छापील तक्त्यात आली असा नव्हे. मोसमाची एकूण बेरीज मिळते आणि सुट्या सामन्याची मिळत नाही, असं १९५० च्या दशकात सर्रास आहे. म्हणून शीटमध्ये दोन खुणा ठेवा: लीगने मोजलंच नव्हतं तिथे 'न.मो.', आणि मोजलं होतं पण या सामन्याचा आकडा हाती नाही तिथे रिकामं. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. पुढे कुणाला आकडा सापडला तर रिकामी जागा भरता येईल. 'न.मो.' च्या जागी मात्र कुणी आकडा भरायला आला तर सावध व्हायचं.

शीटची एक खोड सांगतो. सरासरी काढणारं तयार सूत्र रिकामे रकाने वगळतं, पण शून्य धरतं. साध्या गुणाकार-बेरजेत मात्र रिकामा रकाना गुपचूप शून्य होतो. म्हणून गुणांचं सूत्र लिहिताना 'फील्ड गोल आणि फ्री थ्रो दोन्ही भरलेले असतील तरच' अशी अट घाला. नाहीतर अर्धवट ओळींतही गुण आल्यासारखे दिसतील.

---

तिसरा_पंच:

'एफ' म्हणजे फाउल नव्हे! तुमच्या प्रश्नांतली सगळ्यांत धोक्याची जागा हीच आहे.

जुन्या अमेरिकन वर्तमानपत्रांत 'जी-एफ-टी' किंवा 'जी-एफ-पी' असं छापायचे. जी म्हणजे गोल, एफ म्हणजे फाउलवर मिळालेल्या संधीतून केलेला गोल (आपला फ्री थ्रो), आणि शेवटचा आकडा एकूण गुण. मायकनची ओळ या पद्धतीने '४ ७ १५' अशी येते. त्यातले ७ तुम्ही वैयक्तिक फाउलच्या रकान्यात टाकलेत, तर मायकन सात फाउल करूनही मैदानात राहिला असं दिसेल. वरची दोन-अधिक-एकची कसोटी इथेच उपयोगी पडते: मधला आकडा पहिल्याच्या दुपटीत मिळवून तिसरा येत असेल, तर तो फ्री थ्रोच.

वैयक्तिक फाउल छापले असतील तर चौथा रकाना असतो आणि त्यावर 'पीएफ' अशी दोन अक्षरं असतात. चार रकान्यांचा क्रम मात्र वर्तमानपत्रागणिक बदलतो, तेव्हा आधी डोकं वाचा, मग ओळ.

तक्त्याखालच्या बारीक अक्षरांतला मजकूर सोडू नका. तिथे पुष्कळदा 'हुकलेले फ्री थ्रो' म्हणून नावांपुढे आकडे दिलेले असतात. यशस्वी अधिक हुकलेले म्हणजे प्रयत्न. ही ओळ वगळली तर फ्री थ्रोची टक्केवारी कायमची हातची जाते.

नावांचाही घोळ होतो. तक्त्यात फक्त आडनाव छापलेलं असतं. 'मायकन' म्हटलं की आपण जॉर्ज धरतो, पण त्याचा धाकटा भाऊ एड मायकनही त्याच काळात याच लीगमध्ये खेळत होता. शिकागो स्टॅग्सच्या तक्त्यात मायकन दिसला तर तो एड. ओळखीसाठी संघ आणि मोसम हे दोन रकाने प्रत्येक ओळीत हवेतच.

आपल्याकडे स्पर्धांमध्ये टेबलावर बसून फिबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची) कागदी स्कोअरशीट भरणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. तिच्यावरही बास्केटला तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका आणि तीन गुणांसाठी खेळाडूच्या क्रमांकाभोवती गोल करतात. फाउलसाठी प्रत्येकापुढे पाच चौकोन असतात. हुकलेला शॉट, रिबाउंड, असिस्ट यांना त्या कागदावर जागाच नाही. म्हणजे महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्हा स्पर्धेची जुनी स्कोअरशीट हाती लागली, तर तिच्यातूनही १९५० च्या वर्तमानपत्रातल्याइतकंच निघेल: बास्केट, फ्री थ्रो, गुण, फाउल. तिथेही बाकीचे रकाने 'न.मो.'.

---

आकडेमोड:

चौथ्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो, कारण या सामन्याचा गाभा तोच आहे.

चेंडूचा ताबा किती वेळा मिळाला ते काढण्याचं प्रचलित सूत्र असं: शॉटचे प्रयत्न, अधिक फ्री थ्रो प्रयत्नांच्या ०.४४ पट, वजा आक्रमक रिबाउंड, अधिक टर्नओव्हर. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी १९५० साली नोंदल्याच जात नव्हत्या. आणि या सामन्यात नेमक्या त्याच जास्त महत्त्वाच्या होत्या. पिस्टन्सचा डाव होता चेंडू हातात धरून उभं राहण्याचा. लेकर्स घरच्या मैदानावर सलग २९ सामने जिंकून बसले होते आणि मायकनसमोर सरळ खेळून काही हाती लागणार नव्हतं. तेव्हा पिस्टन्सचे प्रशिक्षक मरे मेंडेनहॉल यांनी वेळ मारून न्यायचं ठरवलं. नियमात ते बसत होतं, कारण अमुक सेकंदांत शॉट घेतलाच पाहिजे अशी अट तेव्हा नव्हती. ऑडिटोरियममध्ये ७,०२१ प्रेक्षक बसलेले आणि खेळाडू चेंडू बगलेत धरून उभे, असं चित्र होतं.

सूत्र लागत नसलं तरी हाती जे आहे त्यातून वेग चांगला दाखवता येतो. पिस्टन्सचे शॉट १३, लेकर्सचे १८, मिळून ३१. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंद. भागाकार केला तर सरासरी ९३ सेकंदांना एक शॉट. फ्री थ्रोवर संपलेले डाव यात धरलेले नाहीत, म्हणून या आकड्याला 'ताबा' म्हणू नका. 'दर शॉटमागे वेळ' असं स्पष्ट नाव द्या. तेवढं ते निखळ खरं आहे.

दुसरा आकडा काढा: ३७ पैकी २१ गुण फ्री थ्रोवरचे, म्हणजे जवळपास ५७ टक्के. दोन्ही संघांच्या बास्केट मिळून आठच. शेवटच्या काही सेकंदांत पिस्टन्सच्या लॅरी फाउस्टने केलेली बास्केट त्या आठांतलीच एक, आणि सामना तिच्यावरच फिरला.

आता खेळाडूकडे वळू. मायकनचे १५ गुण नुसते बघितले तर कमी वाटतात. त्या मोसमात तो ६८ सामन्यांत १,९३२ गुण करून लीगमध्ये पहिला होता, सरासरी २८.४ (६७८ बास्केट आणि ५७६ फ्री थ्रो, दुप्पट करून मिळवा, बरोबर जुळतं). म्हणजे या दिवशी तो सरासरीच्या निम्म्यावर आला. पण संघाच्या १८ पैकी १५ गुण म्हणजे ८३.३ टक्के वाटा त्याचा. ११ शॉटपैकी ४ त्याने टाकले. बाकी सगळ्या लेकर्सनी मिळून ७ शॉट घेतले आणि सातही हुकले. तुमच्या तक्त्यात 'संघाच्या गुणांतला वाटा' हा एक रकाना वाढवा. एरवी त्याचा फारसा उपयोग नसतो, पण संथ सामन्यांत खेळाडूचं खरं वजन त्यातूनच कळतं.

---

तक्तेवाला:

खूप स्पष्ट झालं, सगळ्यांचे आभार. 'एफ' ची चूक चार ओळींत झाली होती, दुरुस्त केली.

आणखी दोन गोष्टी विचारतो. प्रयत्नांचा रकाना '४-११' असा लिहिला की शीट त्याची तारीख करते, ४ नोव्हेंबर. परत आकडा केला तर भलतीच मोठी संख्या येते. आणि आकडेमोड यांनी सांगितलेला ०.४४ हा गुणक जुन्या सामन्यांना चालतो का? पुढे टर्नओव्हर नसलेल्या सामन्यांत निदान शॉटची खरी कार्यक्षमता (फ्री थ्रो धरून प्रत्येक प्रयत्नामागे किती गुण) काढावी असा विचार आहे.

---

जुना_मोसम:

तारखेचा प्रश्न आधी. यशस्वी आणि प्रयत्न एका रकान्यात लिहूच नका, दोन रकाने करा. जोडून लिहायचंच असेल तर भरण्यापूर्वी तो रकाना 'साधा मजकूर' करून ठेवा. आधी भरून मग मजकूर केलात तर उपयोग नाही. तुम्हाला दिसते ती मोठी संख्या म्हणजे शीटने आत साठवलेला त्या तारखेचा दिवस-क्रमांक, आणि त्यातून ४ आणि ११ आपोआप परत मिळत नाहीत. आत्तापर्यंत भरलेल्या अशा ओळी मूळ तक्त्यावरून पुन्हा टाकाव्या लागतील. तारीख बघून अंदाजाने उलटवू नका, कारण ४-११ आणि ११-४ यांत दिवस-महिन्याची अदलाबदल झालेली असू शकते.

---

आकडेमोड:

०.४४ बद्दल: हा गुणक पुढच्या काळातल्या खेळावर बसवलेला आहे. दोन फ्री थ्रोची जोडी, बास्केटबरोबर मिळालेला एक जादा फ्री थ्रो, तांत्रिक फाउल, अशा सगळ्यांचं सरासरी मिश्रण त्यात धरलेलं आहे. १९५० च्या सुमारास साध्या फाउललाही एक फ्री थ्रो मिळायचा. मिश्रण वेगळं, म्हणून गुणकही वेगळा असणार. आकडा काढायचाच असेल तर 'अंदाज' असं लिहून काढा आणि दशांश एकच ठेवा. ४७.३४ टक्के असं छापलं तर नसलेली अचूकता दिसते.

टोकाचं उदाहरण घ्या. २१ मार्च १९५३, बॉस्टन विरुद्ध सिरॅक्यूज, प्लेऑफचा (मोसमाअखेरच्या बाद फेरीचा) सामना, बरोबरीमुळे चार जादा डाव (ओव्हरटाइम). बॉस्टनच्या बॉब कूझीचे ५० गुण: बास्केट १० आणि फ्री थ्रो ३२ पैकी ३०. ज्याचे ५० पैकी ३० गुण रेषेवर उभं राहून आले, त्याच्या कार्यक्षमतेचा आकडा त्या एका गुणकावरच झुलतो. ०.४४ ऐवजी ०.५० धरलं की निकाल डोळ्यांदेखत खाली येतो. अशा ओळींत नुसते कच्चे आकडे द्यावेत हे बरं.

आणि 'दर ३६ मिनिटांमागे' (खेळलेल्या मिनिटांवरून खेळाडूचे आकडे ३६ मिनिटांना बेतणं) हे गणित १९५१-५२ पूर्वीच्या सामन्यांना लावू नका. मिनिटांची नोंदच नाही. पाच मुख्य खेळाडू पूर्ण ४८ मिनिटं खेळले असं गृहीत धरून केलेले तक्ते दिसतात, ते निराधार आहेत.

---

गुणलेखक:

सरावासाठी तीन ओळी सुचवतो. तिन्ही भरून कसोट्या लावा, म्हणजे शीट नीट चालते का ते कळेल.

पहिली, १ नोव्हेंबर १९४६, टोरोंटोचं मेपल लीफ गार्डन्स. बीएएचा सर्वांत पहिला सामना: न्यूयॉर्क निकरबॉकर्स ६८, टोरोंटो हस्कीज ६६. हाफटाइमला न्यूयॉर्क ३७-२९ पुढे होतं, म्हणजे उत्तरार्ध ३१-३७. न्यूयॉर्कचा लिओ गॉटलिब १४, ऑसी शेक्टमन ११ (लीगची पहिली बास्केट त्याच्या नावावर), आणि हस्कीजचा खेळाडू-प्रशिक्षक एड सॅडोव्स्की १८. सामन्यात सर्वाधिक गुण हरलेल्या संघातल्या सॅडोव्स्कीचे, आणि तो उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच फाउल भरून बाहेर गेला होता. मिनिटांचा रकाना नसल्यामुळे किती मोठी गोष्ट झाकली जाते बघा. १८ गुण अर्ध्याहून थोड्याच जास्त वेळात झालेत, हे तक्ता सांगतच नाही. अशा वेळी शेरा हा रकाना कामाला येतो.

दुसरी ओळ एका मोसमाची: फिलाडेल्फिया वॉरियर्सचा जो फल्क्स, १९४६-४७. ६० सामने, १,५५७ शॉटपैकी ४७५, फ्री थ्रो ४३९, गुण १,३८९. शॉटची टक्केवारी ३०.५. आजच्या नजरेने ती फार कमी वाटते, पण लीगमध्ये सर्वाधिक गुण करणारा हाच खेळाडू होता आणि लीगची एकूण नेमबाजीच त्या पातळीवरची होती. जुन्या टक्केवारीला आजच्या शेजारी बसवू नका, त्याच मोसमाच्या सरासरीशेजारी बसवा. असिस्टचंही तसंच. त्या मोसमात प्रॉव्हिडन्सचा अर्नी कॅल्व्हर्ली २०२ असिस्टवर पहिला होता, सामन्यामागे साडेतीनही नाहीत. असिस्ट देताना तेव्हाचे गुणलेखक हात फार आखडता घ्यायचे.

तिसरी, २ मार्च १९६२, हर्शी. विल्ट चेंबरलेनचे १०० गुण. ६३ पैकी ३६ बास्केट, ३२ पैकी २८ फ्री थ्रो: ७२ + २८ = १००. क्वार्टर २३, १८, २८, ३१. रिबाउंड २५, कारण तोवर ते मोजले जात होते. ब्लॉक मात्र 'न.मो.'.

---

आकडेमोड:

यातली तिसरी ओळ १९-१८ च्या सामन्याशेजारी ठेवून बघा. १९५० मध्ये दोन संघांनी मिळून ३१ शॉट घेतले, १९६२ मध्ये एकट्या चेंबरलेनने ६३. मधल्या काळात १९५४-५५ च्या मोसमात २४ सेकंदांचं घड्याळ (तेवढ्या वेळात शॉट घेतलाच पाहिजे ही अट) आलं. सिरॅक्यूजचे मालक डॅनी बियासोने यांचा हिशोब साधा होता: चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून १२० च्या आसपास शॉट घेतात, आणि २,८८० भागिले १२० म्हणजे २४. घड्याळाच्या आदल्या मोसमात संघाची सरासरी ७९.५ गुण होती, आल्यावर ती ९३.१ झाली.

म्हणून तुमच्या शीटमध्ये 'घड्याळापूर्वी / घड्याळानंतर' असा एक रकाना टाका आणि दोन्ही काळांतल्या खेळाडूंची सरासरी एका यादीत उतरवू नका. १९५१-५२ ला आणखी एक रेघ मारा. त्या मोसमात बास्केटखालचा पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद केला, आणि मायकनसारख्या सेंटरला उभं राहायची जागा बदलली. त्याचे आधीचे आणि नंतरचे आकडे वेगवेगळ्या मैदानावरचे आहेत असंच समजून लिहा.

---

तक्तेवाला:

दोन्ही रकाने वाढवले. तिन्ही ओळी भरल्या, कसोट्या जुळल्या. पिस्टन्सच्या फ्री थ्रोची बेरीज माझ्याकडे १० येत होती. मूळ तक्ता पुन्हा पाहिला तर एका ओळीतला १ उतरवून घ्यायचा राहिला होता. आता ११.